पाव फेरा

आमच्या घराला पुढचं दार असं नव्हतंच. पुढे अण्णांचं दुकान होतं आणि दुकानातूनच घरात यावं लागायचं. वारंगा फाट्यावर, पंक्चरवाल्याला लागून, पत्र्याचं. तिथे रेडिओ, टेपरेकॉर्डर, अँप्लिफायर दुरुस्त व्हायचे आणि लग्नाला, जयंतीला, गणपतीला लाऊडस्पीकर भाड्याने जायचे. दुकानामागे जुन्या लुगड्याचा पडदा, पडद्यामागे दोन खोल्या, आणि त्यात अण्णा, माय, माझा मोठा भाऊ मिलिंद आणि मी. सकाळी डोळा उघडायचा तो ट्रकच्या गिअरच्या आवाजाने, आणि चुलीच्या धुराआधी नाकात शिरायचा तो सोल्डरिंगच्या राळेचा वास. माय भाकरी थापायची, तिकडे दुकानात कुणाची तरी कॅसेट रडत असायची, इकडे तुरीच्या वरणाला उकळी. आमच्याकडे शांतता झाली की समजायचं लाइट गेली. माझा मुलगा म्हणतो, हे प्रकरण लिहू नकोस, मामाने वाचलं तर काय वाटेल त्याला. मामा पुस्तकं वाचत नाही, हे मुलालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर लिहिते आहे.

अण्णा माणसांशी वाईट वागायचे आणि मशिनींशी फार मायेने. दुपारी जेवायला बसलो की ते दुकानातली एखादी बिघडलेली मशीन पडद्याच्या आत आणून लावायचे आणि दादाला म्हणायचे, "ऐक. काय बिघडलं?" बरोबर सांगितलं तर ताट पुढे यायचं. चुकलं तर ताट अण्णांच्या मांडीपाशी आणि दादा भाकरीकडे बघत बसलेला. "इतकी वर्सं या दुकानावर खाऊन राहिला, अन् पट्टा कोन्ता, हेड कोन्तं कळंना तुला. तुज्यापरीस पंक्चरवाल्याचं कुत्रं बरं, त्याला गाडी तरी वळखू येती." माय मध्ये बोलायची नाही. ती ठेच्यावर तेल घालत राहायची. दादाला खरंच कळायचं नाही. त्याचे हात चांगले होते, चपळ होते, पण कान नव्हता. कान मला होता. पट्टा ढिला पडला की आवाज झोकांड्या खातो, हेडवर घाण बसली की गायक घोंगडीतून बोलल्यासारखा वाटतो, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मी अण्णांच्या पाठीमागे बसायचे आणि दादाला खुणा करायचे. कमरेला हात लावला की पट्टा, डोक्याला लावला की हेड, बोट गोल फिरवलं की मोटार. दोनेक वर्षं दादाची दुपारची भाकरी माझ्या खुणांवर चालली.

एकदा अण्णांनी मला पकडलं. मला वाटलं आता वायरीचा मार. पण त्यांनी एकापाठोपाठ तीन मशिनी लावल्या आणि मला विचारलं. मी तिन्ही बरोबर सांगितल्या. मला वाटलं, आता म्हणतील, उद्यापासून दुकानातल्या स्टुलावर तू बस. ते म्हणाले, "पोरीच्या कानाला काय करायचं? डूल घालायला पुरे हाय." आणि या वाक्याला सगळ्यात मोठ्याने कोण हसलं असेल, तर ज्याचं पोट त्या कानाने भरत होतं तो.

गिटार घरात आली ती अशी. नांदेडच्या एका ऑर्केस्ट्राचा जळालेला अँप्लिफायर अण्णांनी दुरुस्त करून दिला, आणि त्याच्या बदल्यात ऑर्केस्ट्राच्या मास्तरांनी एक जुनी गिटार दिली. आणि गाणं आलं एका ट्रकवाल्याच्या टेपमधून. हा ट्रकवाला मशीन टाकून गेला तो परत आलाच नाही. आत एक कॅसेट अडकलेली होती, बिनकव्हराची, सगळी इंग्रजी गाणी. त्यातल्या एका गाण्याची सुरुवात नुसत्या गिटारीने व्हायची. मागे ढोल नाही, पेटी नाही, एकटी गिटार धावत सुटायची आणि मग बाकीचे तिच्या मागे लागायचे. शब्द आम्हाला एकही कळत नव्हता. गाण्याचं नाव कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली, आणि ते मी इथे लिहिणार नाही, कारण आमच्या घरात त्याला नाव नव्हतं, ते "पळतं गाणं" होतं. दादाने ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्याच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तेवढं एक गाणं आलं पाहिजे, असं त्याच्या डोक्यात बसलं, आणि होळीपासून त्याने दुसरं काही केलं नाही.

ते गाणं त्याच्या हाताला लागेना. सुरुवातीचा तुकडा इतका जलद होता की कोणतं बोट कुठे पडतंय हे ऐकण्याआधी तो संपलेला असायचा. दादा कॅसेट मागे घ्यायचा, पुन्हा लावायचा, पुन्हा मागे. शेवटी तो रडकुंडीला आला आणि मला म्हणाला, "सुजे, ही मशीन हळू चालवता येती का गं?" येते. टेपच्या मोटारीच्या पाठीला एक बारीक छिद्र असतं, आत एक स्क्रू. तो इवलासा फिरवला की मोटार मंदावते. दादाला त्याला हात लावायची भीती वाटायची, मागे एकदा त्याने एक मोटार अशीच घालवली होती आणि त्याबद्दल अण्णांनी त्याला दुकानासमोर उन्हात उभं केलं होतं. मी पाव फेरा फिरवला. गाणं संथ झालं. मशीन मंदावली की गाणं नुसतं रेंगाळत नाही, त्याचा सूरही खाली उतरतो. तो गोरा गायक एकदम आमच्या गावच्या पाटलासारखा जाड आवाजात गायला लागला. दादाने त्या उतरलेल्या सुराला गिटारीच्या तारा मिळवल्या, म्हणजे मी मिळवून दिल्या, आणि मग हळूहळू एकेक सूर त्याच्या बोटाला सापडायला लागला. आमचं ठरलं होतं की तुकडा हाताला बसला की मी दर आठवड्याला स्क्रू केसभर उलटा फिरवायचा, तारा तेवढ्या चढवायच्या, आणि पावसाळा संपेपर्यंत गाणं मूळ जागेवर आणायचं. मूळ जागा कोणती हे दादाला कळणार नाही, हेही आम्ही दोघं धरूनच चाललो होतो. तो दर वेळी विचारायचा, "बराबर?" मी म्हणायचे, "बराबर."

तो बाहेर गेला की मी वाजवायचे. लपून नाही म्हणणार. मायला माहीत होतं, अण्णा गिऱ्हाइकात असायचे. माझी बारावी झाली होती, पुढे शिकवायचं नाही हे ठरलं होतं, आणि भाकऱ्या झाल्या की हात मोकळे होते. पळतं गाणं मला आषाढाच्या आतच आलं, आणि मूळ वेगाने आलं. मी वाजवताना मशीन लावत नसे, मूळ गाणं माझ्या डोक्यात होतं. हे फुशारकीने सांगत नाही. आता या वयात फुशारकी कुणापुढे मारू? दादाने मला एकदा पडद्याआडून ऐकलं. गिटार काढून घेतली आणि पुसून ठेवली.

त्याच्या पुढच्याच आठवड्यात सेनगावकडची मंडळी मला बघायला आली. पोहे झाले, चहा झाला, नाव-गाव-शिक्षण झालं. मुलाच्या आत्याने कामाची पोरगी आहे का बघायला माझा हात हातात घेतला आणि बोटं चाचपली. म्हणाली, "हात तर कष्टाचे हायेत." दादा दाराला टेकून उभा होता. तो हसत म्हणाला, "आत्याबाई, ते धुण्याभांड्याचे घट्टे न्हाईत. दुसऱ्या हाताला बघा, हायेत का? पोरगी दिवसभर गिटार वाजवून राहिली. ऑर्केस्ट्रात जायाचं हाय तिला." मंडळी हसली. हसतच उठली, जीपमध्ये बसली आणि गेली, आणि त्यांचा निरोप काही आला नाही. अण्णांनी मला मारलं नाही. ते मायला म्हणाले, "पुढची मंडळी येण्याआदी ती बोटं साफ झाली पायजेत." मायने तपेल्यात सोड्याचं कढत पाणी घेतलं, माझा डावा हात त्यात बुडवून ठेवला, आणि मग टाचा घासायची वजरी घेऊन चारही बोटांच्या टोकांवरचे घट्टे घासून काढले. आधी पांढरं निघालं, मग गुलाबी, मग रक्त आलं. माय रडत होती आणि घासत होती. "तुज्याच भल्यासाठी हाय गं लेकरा," असं म्हणत होती. दादा समोर बाजेवर बसून तुकडा वाजवत होता. मायचं झालं तेव्हा तो थांबला आणि म्हणाला, "झालं? आता डूल घाल."

आजही थंडीच्या दिवसांत त्या चार बोटांना पाणी लागलं की मला ते तपेलं आठवतं. पण सगळं त्या तपेल्यावर ढकलायचं नाही, असं मी लिहायला बसण्यापूर्वीच ठरवलं होतं. पुढे जे केलं ते करताना माझ्या मनाला किती गार वाटलं, तेही मला आठवतं.

तोवर स्क्रू मी पाच-सहा वेळा उलटा फिरवला होता. गाणं निम्म्याच्या वर चढलं होतं. बोटांना चिंधी बांधलेली असताना, त्याच दुपारी, दादा विहारातल्या वर्गणीच्या कामाला गेला तेव्हा मी मशीन उघडली आणि स्क्रू पहिल्या दिवशीच्या पाव फेऱ्यावर परत नेला. किंचित पलीकडेच नेला. तारा उतरवल्या. दादा आला, वाजवायला बसला, त्याचा हात आता इतका बसला होता की गाणं त्याला सोपं वाटलं आणि तो खूश झाला. "अजून केसभर चढवलं का?" त्याने विचारलं. मी हो म्हणाले. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यात तेच. मी फक्त मशीन उघडायचे आणि बंद करायचे. पोळ्याच्या सुमारास त्याने विचारलं, "आता मूळ जागेवर आलं का? बराबर?" माझ्या बोटांवर नवी, पातळ कातडी आली होती. मी म्हणाले, "बराबर." तो म्हणाला, "तू म्हणली म्हंजे झालं." त्याला वाटत होतं की आपण चढत चढत गेलो, म्हणून आता अवघड गाणं सोपं जातंय. मनातून मला वाटायचं, कुठूनतरी ऐकेल, कळेल. पण वारंगा फाट्यावर ते इंग्रजी गाणं आणखी कुणाकडे असणार?

गणपतीत कळमनुरीच्या एका मंडळाने नांदेडचा तोच ऑर्केस्ट्रा ठरवला. स्पीकर अण्णांचे. ऑर्केस्ट्राचा गिटारवाला पोरगा नोकरी लागून निघून गेला होता. मास्तरांनी अण्णांना सांगितलं, "लड़के को टेस्टिंग में बिठा दो. जम गया तो रख लेंगे." आणि कार्यक्रम ते त्या पळत्या गाण्यानेच सुरू करायचे, पोरं खुर्च्यांवर चढतात म्हणे. दादाने हे ऐकलं आणि तो अण्णांच्या पाया पडला. ऑर्केस्ट्रात घेतलं तर नांदेडला राहायचं होतं. ते स्टूल नको, ती मशिनींची परीक्षा नको, भाकरीसाठी बसून राहणं नको. त्याचं सगळं आयुष्य त्या एका गाण्यावर टांगलेलं होतं आणि हे मला त्याच्याइतकंच कळत होतं. मला वाटलं होतं, अण्णा नाही म्हणतील. ते म्हणाले, "वाजव. एक डाव हौस फिटू दे." मी तेव्हाच समजायला हवं होतं.

बाजाराचा दिवस होता. मी आणि माय स्पीकरच्या जीपमधूनच कळमनुरीला गेलो, मायला मिरच्या आणि कापड घ्यायचं होतं. चारच्या सुमारास, रात्रीच्या कार्यक्रमाआधीची टेस्टिंग सुरू झाली. टेस्टिंग बघायला कार्यक्रमाइतकी गर्दी होती. बाजारातले लोक पिशव्या घेऊन तसेच उभे. दादाने माझ्या हातच्या इस्त्रीचा शर्ट घातला होता. घरीच तारा मिळवून घेतल्या होत्या, माझ्याकडून. मास्तर की-बोर्डवर होते, त्यांनी मान हलवली, आणि दादाने सुरुवात केली. एकट्याने. संथ, स्वच्छ, एकही चूक नाही. लोकांना काय कळतंय, ते ऐकत होते. मग ढोलवाला मूळ वेगाने घुसला आणि मास्तरांनी मूळ सुरात बोटं टाकली, आणि जो आवाज झाला तो माझ्या कानातून अजून गेलेला नाही. दादा थांबला. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. ढोलवाला हसायला लागला. पुढच्या रांगेतल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. मास्तर माइकवरच म्हणाले, "अरे भाई, बैलगाड़ी पे बैठ के सीखा क्या?" सगळा बाजार हसला.

दादा माइकपाशी आला. त्याचे कान लाल झाले होते. "कॅसेटीत असंच हाय," तो म्हणाला. "तुमीच पळवून राहिले. माझ्या बहिणीला इचारा, तिचा कान पक्का हाय." आणि त्या गर्दीत मला शोधून त्याने हात केला. "सुजे! सांग ना यांना! बराबर हाय ना?"

माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. मायने माझा दंड धरला होता. मला एक शब्द बोलायचा होता. खरा बोलले असते तर गिटारीच्या तारा चढवायला पाच मिनिटं लागली असती, आणि दादाचे हात असे होते की एकदा मूळ वेग ऐकल्यावर त्याने तो पकडलाही असता. खोटा बोलले असते तर निदान तो एकटा पडला नसता. मी खाली मिरच्यांच्या पिशवीकडे बघितलं. दादा वाट बघत राहिला. मग अण्णांनी अँप्लिफायरवरचं बटण फिरवलं आणि त्याचा माइक बंद केला. तो तरीही काहीतरी बोलत होता, तोंड हलताना दिसत होतं.

तो गर्दीतून कुठे गेला ते कळलं नाही. अण्णा वायरी गुंडाळत होते, मी त्यांच्या हाताखाली वेटोळी धरायला गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "किती फिरवला व्हता?"

"पाव फेरा."

"पाव न्हाई. जास्त हाय." त्यांनी वायरीला गाठ मारली. "मी श्रावणापासून ऐकून राहिलो. तुमाला वाटलं, ट्रकच्या आवाजात बापाला काय कळतं."

"मंग तुमी त्याला काहून सांगितलं न्हाई?"

"मला दुकानावर माणूस पायजे," अण्णा म्हणाले. "तू काहून न्हाई सांगितलं, ते तुजं तू बघ." आणि मग, वायर जीपमध्ये टाकताना, आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, ते म्हणाले, "कान बाकी बापाचा घेतला तू."

मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. माझा भाऊ कळमनुरीच्या कुठल्या गल्लीत तोंड लपवून बसला होता, आणि मी त्या जीपच्या पाठीमागे उभी राहून आतून फुलले होते.

दादा दुसऱ्या दिवशी दुकानातल्या स्टुलावर बसला तो अजून तिथेच आहे. आता मोबाइल दुरुस्त करतो. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न नांदेडला झालं, आणि आंदणाच्या भांड्यांबरोबर अण्णांनी ती गिटार पोत्यात घालून जीपमध्ये ठेवली. दादाला विचारलं नाही. पोतं दादानेच उचलून ठेवलं. माझा नवरा भला माणूस निघाला. त्याने मला वाजवू दिलं, पुढे मी समोरच्या खोलीत गल्लीतल्या मुलांना शिकवायला लागले. दादाने त्या दिवसाची आपली एक गोष्ट बनवली होती आणि ती तो सगळ्यांना सांगायचा. नांदेडवाल्यांनी मुद्दाम गाणं पळवलं, सूर बदलला. फाट्यावरचं पोरगं, त्यातून आपल्यातलं, त्यांना घ्यायचंच नव्हतं. अशा गोष्टी आमच्या लोकांच्या बाबतीत इतक्या वेळा खरोखर घडलेल्या आहेत की त्याच्यावर कुणी शंका घेतली नाही. माझं कृत्य त्या खऱ्या अन्यायांमध्ये मिसळून गेलं आणि मी ते मिसळू दिलं. बहीण गर्दीत का बोलली नाही, याचंही उत्तर त्याच्याकडे होतं. "एवढ्या माणसांत बाईमाणूस काय बोलंल?"

ते पळतं गाणं त्याने पुन्हा कधी लावलं नाही. अण्णा वारले, मशीन भंगारात गेली. मग त्याची मुलगी प्राची अकरा वर्षांची झाली आणि तो तिला दर रविवारी एसटीने माझ्याकडे शिकायला घेऊन यायला लागला. पोरीचा कान बघून मला धडकीच भरली. एकदा ऐकलं की झालं. माझ्याकडे तोवर त्या गाण्याची सीडी आली होती. पोरीने ती ऐकली आणि हट्टाने ते गाणं शिकून घेतलं, मूळ सुरात, मूळ वेगात. एका रविवारी दादा बाजेवर बसलेला असताना तिने त्याला न सांगता सुरुवात केली. दादाचा चहाचा कप तसाच हातात राहिला, पूर्वी तांब्या राहिला होता तसा. शेवटपर्यंत ऐकलं त्याने. मग हसला, डोळे पुसले आणि म्हणाला, "हात चांगला हाय तुजा. पण लई पळवून राहिली. त्या नांदेडवाल्यांनीबी असंच पळवलं व्हतं. असं न्हाई ते. हळू हाय. खालच्या सुरात हाय." त्याने गुडघ्यावर ठेका धरून दाखवला. तोच, पाव फेऱ्याचा. पंधरा वर्षांत केसभर हललेला नव्हता.

"पण पप्पा, सीडीमध्ये..." प्राची म्हणाली.

"सीडीचं काय सांगून राहिली? आत्याला इचार. तिच्यासारखा कान नांदेड-हिंगोलीत न्हाई." तो माझ्याकडे वळला. चेहरा असा मोकळा, असा खात्रीचा, जेवताना माझ्या खुणेची वाट बघायचा तेव्हा असायचा तसा. "सुजे, सांग तिला. बराबर काय हाय?"

प्राचीही माझ्याकडे बघत होती. मी तिच्या हातातून गिटार घेतली, तारा एकेक करून उतरवल्या आणि तिला परत दिली.

"पप्पाचं बराबर हाय," मी म्हणाले. "हळू वाजव."

दादाने डोळे मिटले आणि ठेका धरला. पोरीने त्याच्या ठेक्यावर वाजवायला सुरुवात केली, आणि गाणं संपेपर्यंत ती माझ्याकडे बघत राहिली.